राखेची बाजू

जपानातल्या शिगाराकीच्या एका संग्रहालयात मी एकाच रांजणाभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या. जमिनीवर ठेवला तर माझ्या गुडघ्याला लागेल एवढा. एका खांद्यावरून हिरवट काच ओघळलेली, पाठीमागे नुसती भाजलेली नारिंगी माती. मी पुण्यात मातीची भांडी करायला शिकवते. भांडं पाहिलं की भट्टीत ते कुठं उभं होतं, हे आधी शोधते. हिरवी बाजू आगीकडे होती.

ती झिलई कुणी लावलेली नाही. डोंगरउतारावरच्या बोगद्यासारख्या भट्टीत, म्हणजे ‘अनागामा’त, दिवसचे दिवस लाकूड जळायचं. राख ज्वाळेबरोबर उडून रांजणांच्या खांद्यांवर बसायची आणि १२०० अंश सेल्सिअसच्या पुढं मातीतल्या सिलिकाशी एकजीव होऊन तिची काच व्हायची. अशी भट्टी जपानात पाचव्या शतकात कोरियातून आली. इथली माती मात्र अगदी इथलीच, प्राचीन बिवा सरोवराच्या तळातली. तिच्यातले फेल्डस्पारचे खडे भाजताना वर येतात. जवळून पाहिलं तर अंगावर जाड रवा चिकटल्यासारखं दिसतं.

हे रांजण मातीच्या वळ्या एकावर एक चढवून घडवलेले. खालचा भाग जरा ताठ झाला की पुढची वळी; घाई केली की भिंत बसलीच. ‘माझ्या’ रांजणाचं पोट एका सांध्यापाशी किंचित सुटलेलं होतं. कुणीतरी घाई केली होती!

तेराव्या ते सोळाव्या शतकातली ही भांडी बी-बियाणं, पाणी साठवायची. बिझेनच्या भट्ट्यांत तर आतून रेघा ओढलेली वाटणाची जाड भांडी होत. शिगाराकी, बिझेन, तांबा, एचिझेन, तोकोनामे आणि सेतो यांना ‘सहा प्राचीन भट्ट्या’ हे नाव विसाव्या शतकात कोयामा फुजिओ या अभ्यासकानं दिलं. त्यांतल्या फक्त सेतोत त्या काळी मुद्दाम झिलई लावत. बड्या घरांचा ओढा चिनी भांड्यांकडे होता.

मग चहा-समारंभ करणाऱ्यांची नजर या शेतकरी भांड्यांवर पडली. बियाण्याच्या बुटक्या बरण्यांत फुलं आली आणि त्यांना नाव मिळालं ‘उझुकुमारु’, म्हणजे उकिडवं बसलेलं. चहाचे आद्य गुरू मुराता जुको (१४२३–१५०२) यांनी मात्र शिष्याला लिहिलेल्या पत्रात नवशिक्यांना झापलंय: बिझेन-शिगाराकीची भांडी मिरवून परिपक्वतेचा आव आणू नका. ‘वाबी-साबी’ची, म्हणजे साधेपणा-जुनेपणातल्या सौंदर्याची, पुस्तकं वाचून वर्गात येणाऱ्यांना मी हे हमखास सांगते.

सांगते खरी, पण परतल्यावर मीही एक बरणी केली. आमची भट्टी गॅसची, राख उडणार कुठून? चुलीतली राख आणून खांद्यावर भुरभुरवली. काच झाली, रंगही बरा आला, पण चहूबाजूंनी अगदी सारखा. राख मी वस्त्रगाळ करून घेतली होती.