वर्ग : निवडलेला आणि वाट्याला आलेला

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी मामांकडे गेले होते. मामेभाऊ संगणकावर 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' खेळत होता. "ताई, तूही खेळून बघ," म्हणून त्याने मला खुर्चीवर बसवले. पडद्यावर नाना तऱ्हेची पात्रे उभी राहिली आणि पहिलाच प्रश्न आला : तुमचा वर्ग कोणता? मी घुटमळले. तेव्हा तोच म्हणाला, "तू हीलर घे. मुलींना तेच जमतं." मी निमूटपणे ऐकले. पण वर्ग ही काय भानगड आहे, हा प्रश्न मनात राहिला. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाचा पाठपुरावा आहे.

येथे वर्ग म्हणजे आपली तासाची खोली नव्हे, आणि समाजशास्त्राच्या पुस्तकातील वर्गही नव्हे. काल्पनिक जगात आपण जे पात्र घेतो त्याचा तो पेशा. पात्राने कोणते शस्त्र धरावे, कोणते चिलखत घालावे, कोणती विद्या शिकावी हे वर्गावरून ठरते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्याला काय करता येणार नाही हेही वर्गावरूनच ठरते.

या कल्पनेचा जन्म संगणकावर झालेला नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायचा खेळ प्रसिद्ध केला. त्यात तीनच वर्ग होते : योद्धा, मांत्रिक आणि धर्मोपदेशक. योद्ध्याला सर्व शस्त्रे मोकळी, पण मंत्र नाहीत. मांत्रिकाला मंत्र येतात, पण चिलखत वर्ज्य आणि हाती फक्त खंजीर. धर्मोपदेशक जखमा बऱ्या करतो, पण त्याने धारदार शस्त्र उचलायचे नाही. १९७५ च्या पुरवणीत चौथा वर्ग आला, चोराचा. प्रत्येकाला एक बळ आणि एक उणीव, अशी ही योजना आहे. सगळ्यांनाच सगळे आले असते, तर चौघांनी एकत्र बसून खेळण्याचे कारणच उरले नसते.

हीच योजना पुढे संगणकावर गेली. २००४ च्या नोव्हेंबरात 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' सुरू झाला तेव्हा त्यात नऊ वर्ग होते. डेथ नाइट (२००८), मंक (२०१२), डेमन हंटर (२०१६) आणि इव्होकर (२०२२) यांची भर पडून ते तेरा झाले. प्रत्येक वर्गाची शक्ती वेगळ्या रीतीने चालते. वॉरियरचा 'रेज', म्हणजे संताप, मार देता-घेताना वाढतो. मेज या जादूगाराचा 'माना' मंत्रागणिक खर्च होतो. रोग हा लपून वार करणारा. त्याची 'एनर्जी' झटकन संपते आणि आपोआप भरून येते.

वर्ग तेरा असले तरी लढाईतील कामे तीनच. टँक मार अंगावर घेतो, हीलर जखमा भरतो, बाकीचे प्रहार करतात. नेहमीच्या मोहिमेत पाच जण असतात : एक टँक, एक हीलर आणि तिघे प्रहार करणारे. प्रत्येक शत्रूच्या मनात जणू एक रागाची खतावणी असते. ज्याच्या नावावर राग जास्त, त्याच्यावर तो धावतो. टँकने मुद्दाम डिवचून तो राग स्वतःवर ओढून घ्यायचा. गंमत अशी, की जखम भरल्यानेही शत्रूचा राग वाढतो. टँक चुकला की पहिला घाला बहुधा हीलरवर येतो.

हीलर म्हणून मी चार-पाच मोहिमा केल्या. समोर राक्षस कोणता होता हे मला आजही सांगता येणार नाही. माझी नजर सारा वेळ पाच जणांच्या प्राणाच्या पाच पट्ट्यांवर खिळलेली होती. सगळे जगले की कौतुक प्रहार करणाऱ्यांचे, आणि एखादा पडला की प्रश्न एकच : हीलर काय करत होता?

टँकची गतही फारशी निराळी नाही. म्हणून ही दोन कामे घ्यायला माणसे पुढे येत नाहीत. २००९ च्या डिसेंबरात अनोळखी खेळाडूंचे चमू आपोआप जुळवण्याची सोय झाली, तेव्हा प्रहार करणाऱ्यांची रांग लांबच लांब आणि टँक मात्र मिळेना. अखेर २०११ मध्ये, ज्या कामाला माणसे कमी पडतील ते पत्करणाऱ्यास जादा बक्षीस देण्याची वेळ चालकांवर आली. ज्या कामाची चूक सर्वांना दिसते आणि यश कोणालाच दिसत नाही, त्या कामाला काल्पनिक जगातही गिऱ्हाईक नाही!

येथवर वाचून कोणी म्हणेल, ही तर आपली बलुतेदारीच झाली. प्रत्येकाचे काम वेगळे आणि प्रत्येकाला दुसऱ्याची गरज. मलाही प्रथम तसेच वाटले. परंतु बलुते निवडता येत नसे. ते जन्माबरोबर येई. जातिव्यवस्था ही केवळ कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच उतरंडीने केलेली वाटणी आहे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्येच दाखवून दिले. खेळातला वर्ग आपण निवडतो. नको वाटला तर दुसरे पात्र घेऊन पुन्हा आरंभ करतो.

अर्थात खेळही या दोषातून सर्वस्वी सुटलेला नाही. १९७४ च्या मूळ खेळात ड्वार्फ या बुटक्या वंशाच्या पात्राला योद्धाच होता येई, तेही सहाव्या पातळीपर्यंतच. 'वॉरक्राफ्ट'मध्ये आरंभी बैलाचे शीर असलेल्या टॉरेन वंशाला नऊपैकी चारच वर्ग खुले होते. त्यांना पुरोहित होता येत नसे. २०१० मध्ये ते दार उघडले. २०२२ मध्ये मेज, प्रीस्ट आणि रोग हे वर्ग जवळजवळ सर्व वंशांना मोकळे झाले. पण त्याच वर्षी आलेला इव्होकर मात्र एकाच वंशासाठी राखून ठेवला गेला. नियम माणसेच करतात, आणि आग्रह धरला तर माणसेच ते बदलतात, एवढे यावरून दिसते.

आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. त्यामुळे 'हे तुझं काम नव्हे' हे वाक्य माझ्या कानाला नवे नाही. 'तुला हेच जमेल' हे त्याच वाक्याचे गोड रूप आहे, हे मात्र मला या खेळाने शिकवले. हीलरचे काम हलके नाही. मला ते जमले आणि आवडलेही. तक्रार एवढीच, की ते मी निवडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी नवे पात्र घेतले : वॉरियर, आणि काम टँकचे. पहिल्या मोहिमेत सर्वांना मारून घेतले, तिसऱ्या मोहिमेत तगले. परवा मामेभावाचा फोन आला. "ताई, आज चमूला हीलर मिळत नाही गं."

मी म्हटले, "मग आज तू हो."