ध्रुवीय प्रकाशाची उंची

नॉर्वेच्या उत्तर भागात हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य उगवत नाही. त्या दीर्घ रात्री आकाशात हिरव्या तेजाचे पडदे लहरू लागतात. हाच ध्रुवीय प्रकाश. सूर्याकडून आलेल्या विद्युत्भारित कणांना पृथ्वीचे चुंबकत्व ध्रुवप्रदेशाकडे वळविते. ते कण हवेतील प्राणवायूवर आदळले की तो उजळतो.

डोंगरमाथ्याला टेकल्यासारखा भासणारा हा प्रकाश खरोखर किती उंच असतो? क्षणोक्षणी रूप पालटणारे तेज मोजावे तरी कसे? १९१० साली कार्ल स्टर्मर ह्या गणितज्ञाने एक युक्ती योजली. एकमेकांपासून दूर अशा दोन ठिकाणी कॅमेरे मांडून, दूरध्वनीवरून इशारा देऊन, त्याने एकाच क्षणी दोन छायाचित्रे घेतली. ताऱ्यांच्या मानाने तेजाची जागा दोन्हींत निराळी दिसली. त्या फरकावरून त्याने गणित मांडले. प्रकाशाची खालची कडच सुमारे १०० किलोमीटर उंच निघाली!