प्रथिनांचा अनुक्रम, घडण आणि कार्य : विदर्भातील सिकलसेलच्या संदर्भात

१

सजीव पेशीत चालणाऱ्या बहुतेक सर्व कार्यांचा भार प्रथिनांवर असतो. अन्नाचे विघटन, प्राणवायूचे वहन, स्नायूंचे आकुंचन, रोगजंतूंचा प्रतिकार, पेशीच्या आतबाहेर होणारी पदार्थांची ने-आण, ही सर्व कामे निरनिराळी प्रथिने पार पाडतात. इतकी विविध कामे करणारे हे पदार्थ मूलतः एकाच पद्धतीने बांधलेले असतात. ही एकविधता आणि ती विविधता यांचा मेळ कसा बसतो, हा प्रथिनांच्या अभ्यासातील मूलभूत प्रश्न होय.

या प्रश्नाचा विचार करण्यास उपयुक्त असे एक उदाहरण विदर्भातच उपलब्ध आहे. नागपूरहून कामठीमार्गे पुढे गेल्यावर कन्हान नदीच्या काठी कन्हान हे गाव लागते. ही नदी छिंदवाडा जिल्ह्यात सातपुड्यात उगम पावून पुढे वैनगंगेस मिळते. वैनगंगेच्या या विस्तृत खोऱ्यात, म्हणजे नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत, सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. विदर्भातील व सातपुड्यातील काही समाजगटांत या विकाराच्या वाहकांचे प्रमाण शंभरात वीसहूनही अधिक असल्याचे दिसून आले आहे. एका प्रथिनातील अत्यल्प फरकाने हा विकार उद्भवतो. यास्तव प्रथिनाची संरचना आणि त्याचे कार्य यांतील संबंध या प्रदेशात केवळ पाठ्यपुस्तकापुरता राहत नाही. रक्ताच्या तपासणीचे निदान हाती घेऊन विवाहाचा विचार करणाऱ्या कुटुंबांनाही तो समजून घ्यावा लागतो.

२

प्रथिन म्हणजे ॲमिनो अम्लांची साखळी. सजीवांच्या प्रथिनांत मुख्यतः वीस प्रकारची ॲमिनो अम्ले येतात. प्रत्येकाचा कणा सारखाच असतो, परंतु कण्याला जोडलेला पार्श्वगट निराळा असतो. काही पार्श्वगट विद्युत्भारित असून ते पाण्याच्या सहवासात सुखाने राहतात. त्यांना जलस्नेही म्हणतात. काही तेलासारखे पाण्यापासून दूर सरतात. ते जलविरोधी होत. साखळीत कोणते अम्ल कोणत्या स्थानी आहे, या अनुक्रमास प्रथिनाची प्राथमिक संरचना म्हणतात. असा अनुक्रम प्रत्येक प्रथिनात निश्चित असतो, हे फ्रेडरिक सँगर यांनी इन्सुलिनच्या ५१ अम्लांचा क्रम लावून १९५५ पर्यंत सिद्ध केले. त्यासाठी १९५८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

साखळी तयार झाली म्हणजे प्रथिन कार्यक्षम झाले, असे मात्र नव्हे. तिचे काही भाग मळसूत्रासारखे वळतात, तर काही पट्ट्यांसारखे शेजारी शेजारी बसतात. ही द्वितीयक संरचना होय. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ साली या आकृतिबंधांचे वर्णन केले. मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी १९५४ मध्ये त्वचा व अस्थी यांतील कोलॅजेन या प्रथिनाची तिपेडी रचना मांडली, आणि साखळीला कोणत्या कोनांत वळणे शक्य आहे हे दाखविणारा रामचंद्रन यांचा आलेख १९६३ पासून जगभर वापरात आहे. पुढे ही वळलेली साखळी स्वतःभोवती घडी घालून विशिष्ट त्रिमितीय आकार धारण करते. ही तृतीयक संरचना. अशा अनेक साखळ्या एकत्र येऊन एक रेणू बनतो, तेव्हा तीस चतुर्थक संरचना म्हणतात.

घडी कशी घालावयाची याची माहिती कोठे असते? क्रिस्तियन आन्फिन्सेन यांनी रिबोन्यूक्लिएज या १२४ अम्लांच्या प्रथिनाची घडी रासायनिक उपायांनी पूर्णपणे उलगडली. ते उपाय दूर करताच साखळीने आपला मूळ आकार पुन्हा धारण केला आणि तिचे कार्यही पूर्ववत् सुरू झाले. यावरून घडीची माहिती अनुक्रमातच असते, हे स्पष्ट झाले. पेशीत काही साहाय्यक प्रथिने घडी घालण्याच्या कामी मदत करतात. परंतु ती आकार ठरवीत नाहीत, अयोग्य गुंता तेवढा टाळतात. अनुक्रमावरून आकाराचे भाकीत करणे मात्र दीर्घकाळ दुष्कर राहिले. संगणकाच्या साहाय्याने हे साध्य केल्याबद्दल डेमिस हासाबिस आणि जॉन जंपर यांना २०२४ च्या रसायनशास्त्रातील नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग मिळाला.

अनुक्रमावरून घडी आणि घडीवरून कार्य, अशी ही परंपरा आहे. तिच्यातील एक दुवा बदलला असता काय घडते, हे हीमोग्लोबिनच्या उदाहरणाने पाहता येईल.

३

हीमोग्लोबिन हे तांबड्या रक्तपेशींतील प्राणवायुवाहक प्रथिन. त्यात चार साखळ्या असतात : प्रत्येकी १४१ अम्लांच्या दोन आल्फा आणि प्रत्येकी १४६ अम्लांच्या दोन बीटा. म्हणजे एकूण ५७४ अम्ले झाली. प्रत्येक साखळीच्या खोबणीत हीम हा लोहयुक्त गट बसविलेला असतो आणि त्यावरील लोहाच्या अणूला प्राणवायू जडतो. या चार साखळ्या परस्परांशी असहकार करीत नाहीत. एकीने प्राणवायू धारण केला की संपूर्ण रेणूची ठेवण किंचित बदलते आणि उरलेल्या साखळ्यांना तो घेणे सोपे होते. फुफ्फुसात प्राणवायू भरभरून घ्यावा आणि स्नायूंत तो मोकळेपणी सोडावा, हे गुण या ठेवणीतून येतात. मॅक्स पेरुट्झ यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने या रेणूचे स्थूल चित्र १९६० मध्ये प्रसिद्ध केले. प्राणवायुयुक्त आणि प्राणवायुरहित अशी त्याची दोन रूपे आहेत, ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची ठरणार आहे.

सिकलसेलचे पहिले वैद्यकीय वर्णन शिकागो येथील जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये केले. रुग्णाच्या तांबड्या पेशी गोल न राहता विळ्यासारख्या वाकलेल्या त्यांना दिसल्या. १९४९ मध्ये पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, अशा रुग्णाचे हीमोग्लोबिन विद्युत्क्षेत्रात निरोगी मनुष्याच्या हीमोग्लोबिनपेक्षा निराळ्या वेगाने सरकते. रोगाचे कारण एका रेणूच्या घडणीत आहे, असे येथे प्रथमच सिद्ध झाले. हा फरक नेमका कोठे आहे याचा शोध केंब्रिज येथे व्हर्नन इंग्रॅम यांनी घेतला. त्यांनी हीमोग्लोबिनचे लहान लहान तुकडे करून ते कागदावर पसरविले. सुमारे तीस ठिपक्यांपैकी एकाचीच जागा बदललेली आढळली. १९५७ मध्ये त्यांनी त्या ठिपक्याचा उलगडा केला : बीटा साखळीत सहाव्या स्थानी असलेल्या ग्लुटामिक अम्लाच्या जागी व्हॅलिन आलेले होते. या बदललेल्या प्रथिनास हीमोग्लोबिन-एस म्हणतात.

भारतात हा दोष १९५२ मध्ये हर्मन लेहमान आणि मेरी कटबुश यांनी निलगिरीतील आदिवासींत प्रथम नोंदविला. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोलंकी यांचा मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा नागपूरहून केलेला अहवाल ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विदर्भातील अभ्यासाची परंपरा अशी जुनी आहे.

४

भाषाभ्यासकास येथे एक साम्य सहज जाणवेल. ‘काल’ आणि ‘काळ’ या दोन शब्दांत केवळ एका व्यंजनाचा भेद आहे. पण तेवढ्याने अर्थ पालटतो. त्याचप्रमाणे १४६ स्थानांपैकी एका स्थानीचे एक अम्ल पालटले आणि प्रथिनाचे वर्तन बदलले. तथापि हे साम्य मर्यादित आहे, आणि मर्यादेपलीकडे ताणल्यास ते दिशाभूल करील. ‘ळ’ या ध्वनीत काळाचा बोध करून देणारे स्वभावतः काहीच नाही. शब्द आणि अर्थ यांचा संबंध समाजाच्या संकेताने ठरलेला असतो. व्हॅलिन आणि विकार यांचा संबंध सांकेतिक नाही. तो पदार्थांच्या गुणधर्मांतून अपरिहार्यपणे निघतो. संकेताशी खरे साम्य असलेच तर ते एक पायरी अलीकडे, जनुकाच्या पातळीवर आहे. तेथे जी-ए-जी ही त्रयी ग्लुटामिक अम्लाची खूण आहे आणि जी-टी-जी ही व्हॅलिनची. एक अक्षर बदलल्याने खूण बदलते. परंतु त्यापुढील सर्व परिणाम रसायनाच्या व भौतिकाच्या नियमांनी घडतात.

हे परिणाम असे. ग्लुटामिक अम्ल विद्युत्भारित व जलस्नेही आहे. व्हॅलिन जलविरोधी आहे. सहावे स्थान रेणूच्या पृष्ठभागावर असल्याने तेथे एक जलविरोधी ठिकाण उघडे पडते. प्राणवायू सोडल्यानंतर हीमोग्लोबिनची जी ठेवण होते, तीत शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीवर अशीच एक जलविरोधी खोबण मोकळी होते. व्हॅलिन त्या खोबणीत जाऊन बसते. एका रेणूस दुसरा, दुसऱ्यास तिसरा असे जडत जाऊन चौदा पदरांचे ताठ तंतू तयार होतात आणि ते पेशीला विळ्याचा आकार देतात. अशा पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यामुळे तीव्र वेदना होतात आणि अवयवांना इजा पोचते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णाची पेशी बहुधा दहा ते वीस दिवसांतच नष्ट होते, आणि त्यातून रक्तक्षय उद्भवतो.

त्याच सहाव्या स्थानी इतर अम्ले आली असता काय होते, हे पाहणे उद्बोधक आहे. पश्चिम आफ्रिकेत आढळणाऱ्या हीमोग्लोबिन-सी मध्ये तेथे लायसिन येते. दोन्ही पालकांकडून हा प्रकार मिळाला तरी सामान्यतः सौम्य रक्तक्षय होतो, सिकलसेल होत नाही. इंडोनेशियातील मकासर नगराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात तेथे ॲलनिन असते, आणि त्याचा काहीच त्रास होत नाही. ॲलनिनही जलविरोधीच, पण त्याचा पार्श्वगट लहान असल्याने खोबणीतील पकड घट्ट बसत नाही. यावरून दिसून येईल की, ‘अनुक्रम बदलला’ एवढ्याने काहीच निश्चित होत नाही. कोणत्या स्थानी, कशाच्या जागी, काय आले आणि त्याला शेजार कोणता लाभला, या सर्वांवर परिणाम अवलंबून असतो.

५

शेजाराचे हे महत्त्व वाहक आणि रुग्ण यांतील भेदात सर्वांत स्पष्टपणे दिसते. बीटा साखळीचे जनुक प्रत्येकास दोन मिळतात, एक आईकडून व एक वडिलांकडून. दोन्ही दोषयुक्त असतील तर मनुष्य रुग्ण होतो. एकच दोषयुक्त असेल तर तो वाहक असतो. वाहकाच्या पेशीत एस प्रकार शंभरात चाळीसच्या आसपास असतो आणि उरलेले हीमोग्लोबिन बहुतांशी निर्दोष असते. तंतू तयार होण्यास लागणारा अवधी एस प्रकाराच्या संहतीवर विलक्षण अवलंबून असतो. संहती थोडी घटली तरी हा अवधी अनेक पटींनी वाढतो. त्यामुळे तंतू तयार होण्यापूर्वीच वाहकाची पेशी फुफ्फुसात परतून प्राणवायू घेते. प्रथिन तेच, दोषही तोच. परंतु सान्निध्य बदलल्याने परिणाम बदलतो. वाहकास सामान्य आयुष्यात त्रास होत नाही. इतकेच नव्हे, तर घातक मलेरियापासून त्यास बालपणी बरेच संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये दाखविले. मलेरियाग्रस्त अरण्यप्रदेशांत हे जनुक टिकून राहिले, त्याचे कारण यात आहे.

व्यवहारात मात्र हा भेद पुसट होतो. ‘सिकल निघाले’ एवढ्याच शब्दांत निदान सांगितले, तर वाहक आणि रुग्ण एकाच नावाखाली येतात आणि निरोगी मुलामुलींवर विवाहाच्या वेळी निष्कारण शिक्का बसतो. विद्राव्यतेची प्राथमिक चाचणी रक्तात एस प्रकार आहे एवढेच सांगते; व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे हीमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या पुढील तपासणीनेच कळते. वधू व वर दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत अपत्य रुग्ण असण्याची शक्यता चारांत एक, वाहक असण्याची चारांत दोन आणि दोषमुक्त असण्याची चारांत एक असते. एकच जण वाहक व दुसरा सर्वस्वी दोषमुक्त असल्यास अपत्य सिकलसेलचे रुग्ण होत नाही. ‘वाहक’ आणि ‘रुग्ण’ हे दोन शब्द काटेकोरपणे निराळे ठेवणे ही म्हणून केवळ परिभाषेची शिस्त नव्हे. अनेक विवाह मोडणे वा न मोडणे त्यावर अवलंबून असते.

६

उपचारांची दिशाही याच संरचनेतून सुचते. पेशीतील पाणी कमी झाले की एस प्रकाराची संहती वाढते; म्हणून विदर्भाच्या उन्हाळ्यात रुग्णाने मुबलक पाणी पिणे हा साधा, पण शास्त्रशुद्ध उपाय आहे. गर्भावस्थेतील हीमोग्लोबिनमध्ये बीटाऐवजी गॅमा साखळ्या असतात आणि तंतूंत त्या सामावत नाहीत. त्यामुळे हे हीमोग्लोबिन ज्याच्या रक्तात अधिक, त्यास त्रास कमी होतो. भारतीय रुग्णांत ते तुलनेने अधिक असते आणि त्यावरून येथील विकार सौम्यच असतो, असा समज पूर्वी होता. नागपूर परिसरातील मुलांच्या अभ्यासाने तो सर्वांना लागू पडत नाही, हे दाखविले. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने गर्भकालीन हीमोग्लोबिन वाढते. डॉ. दीप्ती जैन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र त्रास असलेल्या मुलांना हे औषध कमी व ठरावीक मात्रेत, शरीराच्या दर किलोग्रॅम वजनास रोज दहा मिलिग्रॅम, देऊन २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. वेदनेचे झटके आणि रक्त देण्याची गरज त्यामुळे कमी झाली. जनुकसंपादनाने गर्भकालीन हीमोग्लोबिन वाढविण्याच्या उपचारास ब्रिटन व अमेरिकेत २०२३ अखेर मान्यता मिळाली. परंतु त्याचा खर्च सामान्य रुग्णाच्या आवाक्याबाहेरचा आहे. भारत सरकारने १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. तिचा मुख्य भर आदिवासी भागांतील चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करून समुपदेशन करण्यावर आहे.

सारांश, प्रथिनाचे कार्य त्याच्या घडणीत असते, घडण अनुक्रमातून येते आणि अनुक्रमातील बदलाचा परिणाम सान्निध्यावर ठरतो. यांपैकी पहिली दोन विधाने सर्वपरिचित आहेत; तिसऱ्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. कन्हानच्या आणि वैनगंगेच्या काठी राहणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने मात्र हे तिसरे विधानच सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण रक्तात दोषयुक्त प्रथिन असणे आणि रोगी असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यावरूनच कळते. मोहिमेत तपासलेल्या प्रत्येक व्यक्तीच्या निदानासोबत हा भेद तिच्या बोलीत, तिला समजेल अशा शब्दांत पोचला पाहिजे. हे काम प्रयोगशाळेइतकेच भाषा जाणणाऱ्यांचेही आहे.