न्यायाधीशांची तीन मिनिटं

१९८९ साली मायामीच्या न्यायाधीशांना एकाच गोष्टीने जेरीस आणलं होतं. नशेच्या गुन्ह्यात माणूस पकडला जायचा, शिक्षा भोगून सुटायचा आणि थोड्याच दिवसांत तसल्याच गुन्ह्यात पुन्हा समोर उभा राहायचा. तुरुंगात जागा उरली नव्हती. मुख्य न्यायाधीश जेरल्ड वेदरिंग्टन यांनी तोडगा शोधायचं काम हर्बर्ट क्लाइन या सहकारी न्यायाधीशांकडे सोपवलं. तिथल्या सरकारी वकील जॅनेट रेनो याही त्यात होत्या. पुढे १९९३मध्ये अमेरिकेच्या पहिल्या महिला ॲटर्नी जनरल झाल्या त्या याच. या खटपटीतून अमेरिकेतलं पहिलं ड्रग कोर्ट, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली उपचार देणारं न्यायालय, उभं राहिलं आणि त्याच्या खुर्चीवर स्टॅन्ली गोल्डस्टीन बसले. आज तिथे अशी तीन हजारांहून जास्त कोर्टं आहेत.

मायामीत तेव्हा कहर होता तो क्रॅक कोकेनचा. पण त्या कोर्टाने उपचारांत कानाला सुया टोचण्याची जी पद्धत घेतली, ती हेरॉइनवाल्यांकडून आली होती. न्यूयॉर्कच्या साउथ ब्रॉंक्समध्ये लिंकन हॉस्पिटल आहे. हेरॉइनने वस्त्या पोखरल्या, सरकार लक्ष देईना, म्हणून १९७०मध्ये 'यंग लॉर्ड्स' या पोर्तो रिकन तरुणांच्या संघटनेने आणि त्यांच्या साथीदारांनी त्या हॉस्पिटलचा एक भाग चक्क ताब्यात घेतला आणि तिथे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. सुया तिथूनच मायामीत पोचल्या. सुयांनी हेरॉइन सुटतं याला भक्कम पुरावा नाही, आणि मला त्यांचं आकर्षणही नाही. पण वस्तीतल्या पोरांनी बळकावलेल्या जागेतली पद्धत वीस वर्षांत न्यायाधीशांच्या हुकमात जाऊन बसते, हा प्रवास मी कितीही वेळा वाचू शकते.

बाकीचा इतिहास थोडक्यात उरकते. १९३५मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने केंटकीत लेक्सिंग्टनला अर्धा तुरुंग, अर्धं रुग्णालय असं 'नार्कोटिक फार्म' काढलं. तिथून बाहेर पडलेले बहुतेक जण पुन्हा हेरॉइनकडे वळले. १९६२मध्ये रॉबिन्सन खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसतं व्यसनी असणं हा गुन्हा ठरवता येणार नाही. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच व्हिन्सेंट डोल आणि मारी नायस्वाँडर या डॉक्टरांनी मेथाडोन या पर्यायी औषधावर हेरॉइनचे रुग्ण स्थिर राहतात, कामधंदा करतात, हे दाखवून दिलं.

मला खरा रस आहे तो कोर्टाच्या त्या खोलीत. पुस्तकांतून वर्षानुवर्षं वाचलेली ही खोली शेवटी न्यू जर्सीत पाहायला मिळाली. भाची एडिसनला राहते. शेजारच्या न्यू ब्रन्सविकचं कोर्ट सगळ्यांना खुलं असतं. तिथे आता ड्रग कोर्ट म्हणत नाहीत, 'रिकव्हरी कोर्ट' म्हणतात. कामकाज सुरू होण्याआधी न्यायाधीश, सरकारी वकील, बचावाचे वकील, समुपदेशक आणि प्रोबेशन अधिकारी एकत्र बसून प्रत्येकाची फाइल वाचतात. एरवी समोरासमोर उभे राहणारे दोन्ही वकील इथे एकाच टेबलाशी असतात.

बुटांवर पांढऱ्या रंगाचे शिंतोडे उडालेला एक तिशीतला माणूस पुढे आला. न्यायाधीशबाईंनी आधी विचारलं, "आईचं ऑपरेशन झालं का?" झालं होतं. मग त्यांनी कागद उलटला. "मंगळवारी लघवीची तपासणी चुकली."

"रंगकामाची साइट लांब होती. बस चुकली."

"साइटवरून फोन केलात?"

तो गप्प. मग म्हणाला, "नाही. भीती वाटली."

"भीती वाटेल त्या दिवशीच फोन करायचा. पुढचा आठवडा रोज तपासणी. आणि पुढच्या सोमवारी पुन्हा माझ्यासमोर."

त्याच्यामागून आलेल्या बाईचे नशेविना नव्वद दिवस झाले होते. सगळं कोर्ट टाळ्या वाजवत होतं, सरकारी वकीलसुद्धा. आधीचा रंगारी बाकावर परतला होता, तोही वाजवत होता.

भावनेच्या भरात लिहीत नाही. या कोर्टांच्या तुलनात्मक अभ्यासात दिसलं आहे की न्यायाधीश जिथे माणशी सरासरी तीन मिनिटं तरी देतात, तिथे पुन्हा गुन्हा घडण्याचं प्रमाण जास्त घटतं. २३ ड्रग कोर्टांच्या एका मोठ्या पाहणीत दीड वर्षानंतरच्या तपासणीत नशा सापडलेल्यांचं प्रमाण २९ टक्के होतं. अशा कोर्टात न गेलेल्यांत ते ४६ टक्के होतं. आणि न्यायाधीश आपल्याशी न्यायाने, आदराने वागतात असं ज्यांना वाटत होतं, त्यांची प्रगती जास्त चांगली होती. तुरुंगाची टांगती तलवार असतेच, ती मी नाकारत नाही. पण माणूस बदलतो तो आपलं नाव आणि आईचं ऑपरेशन लक्षात ठेवणाऱ्या अधिकाऱ्यासमोर पुन्हा पुन्हा उभं राहावं लागतं म्हणून, असं माझं ठाम मत आहे.

याच कोर्टांनी हेरॉइनच्या बाबतीत एक भयंकर चूकही केली. मेथाडोन आणि तसंच दुसरं औषध ब्युप्रेनॉर्फिन म्हणजे 'एक नशा सोडून दुसरी', असं समजून कितीतरी न्यायाधीशांनी ही औषधं बंद करायला लावली. हेरॉइन काही आठवडे थांबलं की शरीराची सहनशक्ती उतरते. मग जुन्याच मात्रेने माणूस दगावतो. वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्यांची नोंद पाहिली, तर पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरण्याचा धोका इतर नागरिकांच्या १२९ पट निघाला. २०१५मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने जाहीर केलं की औषधांना बंदी करणाऱ्या ड्रग कोर्टांना आमचा निधी मिळणार नाही. डॉक्टरच्या चिठ्ठीवर न्यायाधीशाने फुली मारावी, हे मला आजही समजून घेता येत नाही.

आपल्याकडे ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द, म्हणजे भेसळीचं हेरॉइन, आलं. अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं, आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीतून १९८६मध्ये अनिल आणि डॉ. सुनंदा अवचटांनी पुण्यात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. एकेकाळी पन्नीवर गर्द ओढणारे एक गृहस्थ मला म्हणाले होते, "टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास, आठ-दहा दिवसांत उतरते हो. घरी गेल्यावर संध्याकाळी नाक्यावरून जायचं असतं, ते अवघड." मुक्तांगणने पाठपुराव्यावर आणि रुग्णांच्या बायकांच्या 'सहचरी' गटावर इतका भर का दिला, ते या एका वाक्यात कळतं.

आपल्या कायद्यातही उपचारांची वाट आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविषयीच्या, कायद्याचं कलम ६४अ सांगतं की सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेल्या व्यसनी माणसाने स्वतःहून सरकारी वा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतले, तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालणार नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. हेरॉइनचं 'अल्प प्रमाण' म्हणजे पाच ग्रॅमपर्यंत. अशाच गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनी माणसासाठी कलम ३९ आहे. लगेच शिक्षा देण्याऐवजी, त्याच्या संमतीने, न्यायालय त्याला बंधपत्रावर उपचारांसाठी सोडू शकतं. उपचारांचं काय झालं, याचा अहवाल घेऊन त्याने जास्तीत जास्त वर्षभरात न्यायालयासमोर यायचं. अहवाल समाधानकारक असेल, तर तीन वर्षांपर्यंतच्या बंधपत्रावर समज देऊन सोडता येतं.

वर्षभर ही कायद्याने दिलेली कमाल मुदत आहे. त्याआधी बोलवायला न्यायालयाला कोणाची हरकत नाही. गर्दवाल्याला एकदम वर्षाने बोलावणं म्हणजे मधल्या सगळ्या संध्याकाळी त्याला नाक्यावर एकटं सोडणं. घरातला कोणी पुडीसकट पकडला गेला असेल, तर वकिलाला ही दोन्ही कलमं आधी दाखवा. ब्युप्रेनॉर्फिन चालू असेल तर डॉक्टरचं पत्र अर्जाला जोडा. आणि ३९खाली सुटका मिळत असेल, तर पहिली तारीख पंधरा दिवसांचीच मागा.