पौंड घसरला, नफा कोठे, तोटा कोठे?

टाटा मोटर्सने २००८ मध्ये ब्रिटनमधील जग्वार लँड रोव्हर विकत घेतली आणि पौंडाचे चढउतार मुंबईच्या हिशेबात शिरले. जून २०१६ च्या ब्रेक्झिट कौलापूर्वी सुमारे १०० रुपयांचा असलेला पौंड ऑक्टोबरात ८३ रुपयांच्या आसपास उतरला. अमेरिकेत मोटारी विकून आलेल्या डॉलरचे आता अधिक पौंड होऊ लागले. निर्यातीच्या हे पथ्यावरच पडले. परंतु जुन्या दराने डॉलर विकण्याचे वायदे आधीच झालेले असल्याने त्या लाभाला मोठी कात्री लागली. युरोपातून येणारे सुटे भागही महागले. त्यातून उरलेले पौंड एकत्रित ताळेबंदासाठी रुपयांत मांडताना आकडा पुन्हा आक्रसला. ही शेवटची घट मात्र कागदोपत्री. पौंड प्रत्यक्ष मुंबईस आणले, तरच ती रोकडीत जाणवते.