दुकानातली यंत्रे, भाग 9 : बंद झालेल्या बिलिंग प्रणालीच्या जागी काय घ्यावे?

बिलिंग प्रणाली ‘बंद झाली’ म्हणून दुसऱ्या दिवशी काउंटरवरचा संगणक काळा पडत नाही. कंपनी आधी नवी विक्री थांबवते, मग सुधारणा देणे थांबवते आणि शेवटी फोन उचलेनाशी होते. मायक्रोसॉफ्टच्या डायनॅमिक्स आरएमएस या प्रणालीचा मुख्य आधार जुलै 2016 मध्ये संपला. सुरक्षेच्या दुरुस्त्या तेवढ्या जुलै 2021 पर्यंत मिळत राहिल्या. इंट्युइट कंपनीने क्विकबुक्सची डेस्कटॉपवरची विक्री-प्रणाली 3 ऑक्टोबर 2023 रोजी बंद केली आणि भारतातली क्विकबुक्स सेवाही त्याच वर्षी गुंडाळली. तालुक्याच्या गावी मात्र वेगळाच प्रकार जास्त आढळतो. कुणा ओळखीच्या प्रोग्रामरने दहा-पंधरा वर्षांपूर्वी पाच-पन्नास दुकानांना सॉफ्टवेअर करून दिलेले असते आणि आता तो नोकरीनिमित्त दुसरीकडे गेलेला असतो. तिथे घोषणा होत नाही, तारीखही ठरत नाही.

अशी प्रणाली पुढे वर्षानुवर्षे चालू राहते, म्हणून बदल लांबणीवर पडतो. तिला अखेर गाठतात त्या बाहेरच्या गोष्टी. विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. नव्या संगणकावर जुना डोंगल ओळखला जात नाही, जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर मिळत नाही. सगळ्यात मोठा धक्का कराचा असतो. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला तेव्हा अनेक जुनी सॉफ्टवेअरे एका रात्रीत निकामी झाली. 22 सप्टेंबर 2025 रोजी दर बदलले तेव्हा पुन्हा तीच पाळी आली. पादत्राणांचेच पाहावे. त्या दिवसापर्यंत 1000 रुपयांपर्यंतच्या जोडाला 12 टक्के आणि त्यावर 18 टक्के कर होता; त्या दिवसापासून 2500 रुपयांपर्यंत 5 टक्के आणि त्यावर 18 टक्के झाला. किंमत पाहून दर ठरवणारा हा नियम ज्या प्रणालीत बसत नाही, तिच्यातून कोल्हापुरी चपलेचे बिल बरोबर निघणे कठीण.

वाडी रत्नागिरीच्या डोंगरावरची, म्हणजे जोतिबाची बाजारपेठ हे या प्रश्नाचे चांगले उदाहरण आहे. पन्हाळा तालुक्यातले हे गाव कोल्हापूरपासून सुमारे 17 किलोमीटरवर आहे. देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर आणि पायऱ्यांवर गुलाल, खोबरे, नारळ, दवणा, पेढे, बांगड्या आणि खेळणी यांची दुकाने आहेत. त्यांतल्या बऱ्याच दुकानांना कोणतीही प्रणाली लागत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. मालाचे वीस-पंचवीस प्रकार, एकच माणूस आणि 40 लाखांच्या आतली उलाढाल असेल, तर वही, गल्ला आणि भिंतीवरचा क्यूआर एवढ्यावर भागते. त्यांच्या गळ्यात वार्षिक वर्गणीचे सॉफ्टवेअर मारणारा विक्रेता स्वतःचे भले करत असतो. प्रश्न खरा असतो तो दोन-तीन काउंटर, घाऊक खरेदी, उधारी आणि वजनावरचा माल असलेल्या दुकानांचा: पेढ्यांचे मोठे दुकान, पूजासाहित्याचा घाऊक व्यापारी, पायथ्याच्या गावांतले किराणा भांडार.

अशा दुकानात कराची बाजू साधी नसते. नारळावर जीएसटी नाही, खोबऱ्याच्या वाटीवर 5 टक्के आहे. कुंकू करमुक्त, पेढा 5 टक्क्यांत. देवस्थानाने दिलेला प्रसाद करमुक्त असतो. पण दुकानात विकलेला पेढा भाविकाच्या दृष्टीने प्रसाद असला तरी कायद्याच्या दृष्टीने मिठाईच राहतो. सुटा गूळ करमुक्त, आणि तोच गूळ वेष्टनात बांधून त्यावर लेबल लावले की 18 जुलै 2022 पासून 5 टक्के. एकाच ढेपेतून दोन प्रकारे माल विकणाऱ्या दुकानात त्याच्या दोन स्वतंत्र नोंदी ठेवाव्या लागतात, आणि एकातून दुसऱ्यात माल वळवण्याची सोय प्रणालीत असावी लागते. ही सोय मोफत मिळणाऱ्या बहुतेक मोबाइल ॲपमध्ये नसते.

बिलाचे नियमही निवडीत धरावे लागतात. ग्राहक नोंदणीकृत नसेल, रक्कम 200 रुपयांच्या आत असेल आणि त्याने बिल मागितले नसेल, तर प्रत्येकाला वेगळे बिल देण्याची सक्ती नाही. दिवसाअखेर अशा सगळ्या विक्रीचे एकत्रित बिल करता येते. पुडीभर गुलाल आणि एक नारळ घेणाऱ्यांच्या रांगेत ही सवलत फार मोलाची आहे, म्हणून ‘दिवसाचे एकत्रित बिल’ होते का, हे विक्रेत्याला विचारावे. कंपोझिशन योजनेतल्या दुकानदाराला ग्राहकाकडून कर घेता येत नाही. त्याच्या कागदावर ‘बिल ऑफ सप्लाय’ छापले गेले पाहिजे. बिलाचा क्रमांक 16 अक्षरांच्या आत आणि आर्थिक वर्षात एकमेव असावा लागतो. वर्षाच्या मध्ये प्रणाली बदलली, तर क्रमांकापुढे नवे अक्षर लावून वेगळी मालिका सुरू करता येते. त्यामुळे 31 मार्चपर्यंत थांबलेच पाहिजे, ही समजूत खरी नाही.

आता मुख्य काम. दुकानाचे खरे भांडवल जुन्या प्रणालीच्या पोटात असते: मालाची यादी, खरेदीचे दर, पुरवठादारांची खाती, उधारी. नव्या प्रणालींचे डेमो पाहण्याआधी ही माहिती बाहेर निघते का, हे पाहावे. ‘एक्सपोर्ट’ हे बटण असले म्हणजे झाले असे नाही. मराठीत नोंदी असलेल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरे बहुधा युनिकोडमध्ये नसतात. ती श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये साठवलेली असतात. एक्सेलमध्ये काढली की ‘गुलाल’ या नावाच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हांचा काला दिसतो. माहिती हरवलेली नसते, फाँट परिवर्तकाने ती युनिकोडमध्ये आणता येते. पण जोडाक्षरे आणि रफार बिघडतात, आणि ते हाताने दुरुस्त करावे लागतात. हजारभर नोंदींच्या यादीला त्यामुळे काही दिवस लागतात, आणि ते दिवस विक्रेत्याच्या अंदाजपत्रकात कधीच धरलेले नसतात.

हीच वेळ यादी झाडून घेण्याची. पंधरा वर्षांत ‘पेढा’, ‘पेढे’, ‘पेढा 250’ आणि ‘पेढा पाव’ अशा चार नोंदी झालेल्या असतात आणि चौघींचा साठा वेगवेगळा दिसतो. त्या जशाच्या तशा नव्या प्रणालीत ओतल्या तर जुने दुखणे नव्या घरात जाते. ज्या मालाची दोन वर्षांत विक्री नाही तो वगळावा, उरलेल्यांना एचएसएन क्रमांक आणि आजचा कर लावावा, आणि साठा जुन्या आकड्यांवरून न घेता प्रत्यक्ष मोजून भरावा. उधारीची बाकी मात्र एकेका गिऱ्हाइकाला दाखवून त्याच्याकडून मान्य करून घ्यावी. भांडणे बहुतेक तिथेच होतात.

बाहेर काढता येईल तेवढे काढल्यावरच नव्याकडे वळावे, आणि पहिला प्रश्न तोच, फक्त उलटा: उद्या ही प्रणालीही सोडायची झाली तर आपली माहिती कोणत्या रूपात मिळेल? करारात हे लिहून घ्यावे. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीची ईआरपीनेक्स्ट खुल्या स्रोताची आहे. कंपनीने लक्ष काढून घेतले तरी दुसरा जाणकार ती चालवू शकतो. पण तो जाणकार कोल्हापुरात मिळायला हवा. टॅलीप्राइम, मार्ग, बिझी यांची जमेची बाजू नेमकी हीच आहे: त्यांचे विक्रेते आणि ते चालवणारे लेखनिक जिल्ह्यात सहज सापडतात, आणि दुकानाच्या कर सल्लागाराला फाइल थेट उघडता येते. उणी बाजू ही, की त्यांची घडण हिशेबनिसाच्या टेबलाची आहे. रांग लागलेल्या काउंटरवर त्या अवजड वाटतात.

जोतिबावर निवडीचा कस लागतो तो रविवारी आणि चैत्र पौर्णिमेला. रविवार हा देवाचा वार. माघातल्या खेट्यांच्या रविवारी कोल्हापूरकर पायी डोंगर चढतात, आणि चैत्र यात्रेला सासनकाठ्यांसह लाखो भाविक जमतात. डोंगरमाथ्यावर इतके मोबाइल एकत्र आले की नेटवर्क जागच्या जागी बसते. ज्या प्रणालीचे प्रत्येक बिल सर्व्हरला विचारून निघते ती तिथे निरुपयोगी आहे. ‘ऑफलाइन चालते’ हे विक्रेत्याचे उत्तर पुरेसे नाही. ऑफलाइन किती वेळ चालते, दोन काउंटर एकाच वेळी ऑफलाइन असतील तर क्रमांकांची टक्कर होते का, आणि नेट परतल्यावर बिले दुबार चढतात का, हे वायफाय बंद करून दाखवायला सांगावे. सर्व्हरवर विसंबण्याची किंमत रेशन दुकानदारांनी मोजली आहे. राज्यात ई-पॉस यंत्रे बदलण्याचे काम चालू असताना, जुलै 2024 मध्ये सर्व्हर वारंवार बंद पडल्याने काही काळ धान्य ऑफलाइन वाटण्याची परवानगी शासनाला द्यावी लागली.

पैसे घेण्याचे साधन बिलिंगपासून शक्यतो सुटे ठेवावे. रिझर्व्ह बँकेने 31 जानेवारी 2024 रोजी पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले तेव्हा त्या बँकेत खाते असलेल्या दुकानदारांना पैसे जमा होण्यासाठी दुसरे खाते जोडावे लागले. क्यूआर वेगळा असेल तर तो बदलणे हे एका स्टिकरचे काम. बिलिंगमध्येच गुंतवलेला असेल तर काउंटरच थांबतो.

यंत्राची बाजू डोंगरावर दुय्यम नाही. गुलालाची बारीक पूड संगणकाच्या पंख्यातून आत जाते, स्कॅनरच्या काचेवर बसते आणि थर्मल प्रिंटरच्या पट्टीवर थर धरते. मग बिलावर उभी पांढरी रेघ उमटू लागते. म्हणून बिनपंख्याचा छोटा संगणक किंवा टॅब्लेट, झाकण असलेला प्रिंटर आणि पट्टी पुसायला स्पिरिट ही व्यवस्था महागड्या टचस्क्रीनपेक्षा उपयोगी. बिल मराठीत हवे असेल तर खरेदीआधी छापून पाहावे. बऱ्याच स्वस्त प्रिंटरना देवनागरी अक्षरे माहीतच नसतात; सॉफ्टवेअर पूर्ण बिलाचे चित्र करून पाठवते, त्यामुळे छपाई मंदावते, आणि ते नीट जमले नसेल तर ‘र्‍या’ आणि ‘ज्ञ’ तुटतात. नमुना म्हणून ‘कुऱ्हाड’ आणि ‘यज्ञ’ छापून घ्यावे. पेढ्याच्या दुकानात वजनकाटा प्रणालीला जोडला असेल तर बदलानंतरही काट्याची वैधमापन विभागाकडून दरवर्षी होणारी पडताळणी चालूच राहते. सॉफ्टवेअर नवे आले म्हणून ती टळत नाही.

खर्च पाहताना पहिल्या वर्षाचा आकडा फसवतो. एकरकमी परवान्यावर दरसाल देखभालीचे शुल्क (एएमसी) असते, वर्गणीच्या प्रणालीत दर काउंटरमागे आकारणी असते. पाच वर्षांची बेरीज मांडली की बहुधा दोन्ही जवळ येतात, आणि मग निर्णय रविवारी दुपारी फोन कोण उचलतो यावर ठरतो. तो सोमवारी कार्यालय उघडणारा असेल तर जोतिबाच्या दुकानाला कामाचा नाही.

बदलाची तारीख पंचांग पाहूनच ठरवावी लागते. कर सल्लागार 1 एप्रिल सुचवतात. पण चैत्र पौर्णिमा 2025 मध्ये 12 एप्रिलला होती, 2026 मध्ये 2 एप्रिलला. नवी प्रणाली यात्रेच्या तोंडावर सुरू करणे हा सर्वांत वाईट मुहूर्त. आषाढात, पावसाने गर्दी ओसरलेली असताना बदल करावा. महिनाभर जुनी आणि नवी दोन्ही चालवून रोज रात्री गल्ल्याचा ताळा घ्यावा. श्रावण षष्ठीची यात्रा ही पहिली परीक्षा, त्यानंतर नवरात्र, मग माघातले खेटे. त्यांत उरलेल्या त्रुटी निघून जातात आणि चैत्रात हात बसलेला असतो.

जुना संगणक मात्र भंगारात काढू नये. जीएसटीच्या कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपावी लागतात; 2024-25 ची बिले त्यामुळे 31 डिसेंबर 2031 पर्यंत दाखवता आली पाहिजेत. सगळी बिले आणि खतावणी पीडीएफमध्ये काढून दोन ठिकाणी ठेवावी, आणि जुने यंत्र इंटरनेटपासून तोडून, वर्षातून एकदा चालू होते का ते पाहत, तेवढी मुदत सांभाळावे.