गाव ते नगर : नगरपंचायतीचा कारभार आणि नागरिकांचा वाटा

तालुक्याचे गाव हे पूर्णतः खेडेही नसते आणि पूर्णतः शहरही नसते. तहसील कचेरी, पोलीस ठाणे, ग्रामीण रुग्णालय, एस. टी. स्थानक, हायस्कूल व आठवड्याचा बाजार यांमुळे भोवतालच्या पन्नास-साठ खेड्यांचा राबता तेथे रोज असतो. गावची लोकसंख्या बारा-पंधरा हजार असली तरी बाजाराच्या दिवशी रस्त्यांवर वावरणारी माणसे त्याहून कितीतरी अधिक असतात. त्यांचा कचरा उचलणे, त्यांच्यासाठी पाणी व स्वच्छतागृहे पुरविणे, वाहनांची सोय लावणे हा भार गावालाच सोसावा लागतो. पूर्वी हा सर्व भार बहुतेक ठिकाणी ग्रामपंचायत वाहत असे. शेतीप्रधान खेड्याच्या गरजा डोळ्यांपुढे ठेवून उभी राहिलेली ही संस्था वाढत्या बाजारपेठेच्या गावाला अपुरी पडू लागली, आणि या अडचणीतूनच नगरपंचायत या संस्थेची निकड भासू लागली.

घटनेतील स्थान

संसदेने 1992 साली 73 वी व 74 वी घटनादुरुस्ती संमत केली. पंचायतींविषयीची 73 वी दुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून आणि नागरी संस्थांविषयीची 74 वी दुरुस्ती 1 जून 1993 पासून अंमलात आली. या दुसऱ्या दुरुस्तीने नागरी स्थानिक संस्थांचे तीन प्रकार ठरवून दिले : मोठ्या नागरी क्षेत्रासाठी महानगरपालिका, लहान नागरी क्षेत्रासाठी नगरपरिषद आणि ग्रामीण स्वरूपाकडून नागरी स्वरूपाकडे संक्रमण करीत असलेल्या क्षेत्रासाठी नगरपंचायत. 'संक्रमण' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. गाव बदलत आहे, परंतु बदल पुरा झालेला नाही, हे घटनेनेच मान्य केले आहे.

महाराष्ट्रात नगरपरिषदांसाठी 1965 सालचा अधिनियम होताच. त्यात योग्य त्या सुधारणा करून नगरपंचायतींचा समावेश करण्यात आला. सर्वसाधारणपणे 10 हजार ते 25 हजार लोकसंख्या आणि बिगरशेती व्यवसायांवर अवलंबून असणाऱ्यांचे किमान 25 टक्के प्रमाण, हे अशा क्षेत्राचे निकष होत. पुढे 2014 साली राज्य शासनाने तालुक्याच्या मुख्यालयी असलेल्या ग्रामपंचायतींचे नगरपंचायतींत रूपांतर करण्याचा निर्णय घेतला. कोकणात कुडाळ, गुहागर, सातारा जिल्ह्यात पाटण, वडूज, सोलापूर जिल्ह्यात माढा, माळशिरस अशा अनेक गावांचा कारभार आज नगरपंचायती पाहतात.

कारभाराची घडण

रूपांतराची अधिसूचना निघाली की ग्रामपंचायतीची मालमत्ता, तिची येणी व देणी नव्या संस्थेकडे येतात. निवडणूक होईपर्यंत प्रशासक कारभार पाहतो. नगरपंचायतीत 17 प्रभाग असून प्रत्येक प्रभागातून एक नगरसेवक निवडून येतो. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व नागरिकांचा मागासवर्ग यांच्यासाठी राखीव जागा असतात. महिलांसाठी राज्यात 2011 सालापासून निम्म्या जागा राखून ठेवण्यात येत आहेत. नगराध्यक्षांच्या निवडीची पद्धत वेळोवेळी बदलत आली. 2022 सालच्या दुरुस्तीने थेट मतदारांकडून निवड करण्याची पद्धत पुन्हा स्वीकारण्यात आली.

प्रशासनाची धुरा मुख्याधिकाऱ्यांकडे असते. ग्रामपंचायतीत ग्रामसेवक किंवा ग्रामविकास अधिकारी जे काम पाही, त्याहून हे पद व्यापक आहे. सभेने ठराव करावा आणि मुख्याधिकाऱ्याने तो नियमांच्या चौकटीत अंमलात आणावा, अशी ही श्रमविभागणी होय. नियमबाह्य ठरावास हरकत घेणे हेही त्याचे कर्तव्य ठरते. ही विभागणी दोन्ही बाजूंनी नीट ध्यानात घेतली नाही, तर लहान संस्थेत वाद वाढतात आणि त्याचा फटका अखेर नळाला व गटाराला बसतो.

काय बदलते, काय बदलत नाही

रूपांतरानंतर नागरिकांचा गोंधळ होतो तो मुख्यतः कोणते काम कोणाकडे गेले याविषयी. नगरपंचायतीच्या हद्दीतील मतदार यापुढे जिल्हा परिषद व पंचायत समितीच्या निवडणुकीत मतदान करीत नाही. घरकुलासाठी त्याचा अर्ज ग्रामीण योजनेत न जाता नागरी योजनेत जातो. पाणीपुरवठ्याबाबतही हेच घडते. 2019 साली सुरू झालेले जल जीवन मिशन ग्रामीण भागासाठी आहे, तर ऑक्टोबर 2021 मध्ये आरंभ झालेल्या अमृत 2.0 योजनेत नागरी संस्थांची गावे येतात. दुसरीकडे, तहसील कचेरी, तलाठी, पोलीस ठाणे व शासनाचे ग्रामीण रुग्णालय यांच्या कामात मात्र या रूपांतराने काही फरक पडत नाही.

एक बदल सहसा कोणाच्या नजरेत भरत नाही, परंतु त्याचे परिणाम दूरवर पोहोचतात. नगरपंचायत ही महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 अन्वये नियोजन प्राधिकरण असते. गावाची विकास योजना तयार करणे, रस्ते, शाळा, क्रीडांगण, बाजार, दफनभूमी व स्मशानभूमी यांसाठी जागा राखून ठेवणे हे तिचे काम होय. आज मोकळी दिसणारी जमीन दहा वर्षांनी मोकळी राहत नाही. योजनेचा मसुदा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकती व सूचना मागविल्या जातात. त्या वेळी गाव गप्प राहिले, तर पुढे मुलांना खेळायला जागा नाही म्हणून हळहळण्यात अर्थ उरत नाही.

कराचे गणित

'नगरपंचायत आली आणि घरपट्टी वाढली' ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. तिच्यामागील हिशेब समजून घेणे उपयुक्त ठरेल. नागरी क्षेत्रात मालमत्ता कराची आकारणी पारंपरिक पद्धतीने वार्षिक भाडेमूल्यावर होते. एखादे घर वर्षाला 12,000 रुपये भाड्याने जाण्याजोगे असेल, तर दुरुस्तीखर्चापोटी त्यातून 10 टक्के वजा होतात, आणि 10,800 रुपये हे त्याचे करयोग्य मूल्य ठरते. त्यावर ठरलेल्या दराने कर बसतो. ही आकारणी दर चार वर्षांनी नव्याने करावयाची असते. यादी प्रसिद्ध झाल्यावर ठराविक मुदतीत लेखी हरकत घेता येते व तिची सुनावणी होते. हरकतीची मुदत टळून गेल्यावर कचेरीत घातलेल्या खेपा निष्फळ ठरतात.

देयकातील प्रत्येक रुपया नगरपंचायतीचा नसतो, हेही ध्यानात घ्यावयास हवे. शिक्षण कर व रोजगार हमी कर हे शासनाचे कर असून ते स्थानिक संस्था केवळ वसूल करून देते. उरलेल्या उत्पन्नातून दिवाबत्ती, साफसफाई व पाणी यांचा खर्च भागत नसल्याने लहान गावांची भिस्त अनुदानांवरच असते. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-26 या काळासाठी दहा लाखांखालील शहरांना द्यावयाच्या अनुदानातील 60 टक्के भाग पाणी व स्वच्छता यांसाठी बांधून दिला होता. म्हणजे हाती आलेला निधीही हवा तसा खर्चण्याची मुभा नसते.

पाण्याचा प्रश्न

गावाच्या सुखदुःखाशी सर्वांत जवळचा विषय म्हणजे पाणी. केंद्रीय निकषांनुसार भुयारी गटार नसलेल्या गावात दरडोई दररोज 70 लिटर व भुयारी गटार असलेल्या गावात 135 लिटर पाणी धरले जाते. पंधरा हजार वस्तीच्या गावाला पहिल्या हिशेबाने रोज साडेदहा लाख लिटर, तर दुसऱ्या हिशेबाने सव्वावीस लाख लिटर पाणी लागेल. हे पाणी धरणातून वा नदीतून उपसावे लागते, शुद्ध करावे लागते, उंच टाकीत चढवावे लागते. या प्रत्येक टप्प्यावर विजेचे देयक येते आणि ते दरमहा भरावेच लागते.

पाणीपट्टी थकली की वीज देयक थकते, वीज तोडली जाते आणि मग नियमित पट्टी भरणाऱ्याचाही नळ कोरडा पडतो. यातून 'पाणी येत नाही म्हणून पट्टी भरत नाही, आणि पट्टी येत नाही म्हणून पाणी येत नाही' असे दुष्टचक्र सुरू होते. ते तोडण्याची सुरुवात संस्थेनेच करावयास हवी. किती पाणी उपसले, किती वाटले, किती पट्टी जमा झाली, वीज देयक किती आले, हे चार आकडे दरमहा कार्यालयाच्या फलकावर लिहिण्यास खर्च येत नाही. हिशेब उघड असला म्हणजे पट्टी मागणाऱ्याच्या शब्दाला वजन येते. गळती, अनधिकृत जोडण्या व निकामी झडपा शोधण्यासही अशा हिशेबाची मदत होते.

ग्रामसभा गेली, पुढे काय?

या संक्रमणातील सर्वांत मोठी उणीव नागरिकांच्या सहभागाविषयीची आहे. ग्रामपंचायत असताना वर्षातून किमान चार ग्रामसभा भरत. त्यांपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा होई. कोणीही मतदार उभा राहून सरपंचाला हिशेब विचारू शकत असे. नगरपंचायत आल्यावर ग्रामसभा संपुष्टात येते. घटनेने प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या त्या 3 लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत. त्यामुळे ज्या गावात लोक एकमेकांना नावानिशी ओळखतात, तेथेच प्रश्न विचारण्याचे व्यासपीठ हरवते.

तथापि, मार्ग अगदीच बंद झालेले नाहीत. नगरपंचायतीची सभा सामान्यतः जनतेला खुली असते. प्रेक्षक म्हणून तेथे उपस्थित राहता येते. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 अन्वये अंदाजपत्रक, ठराव व कामांची माहिती मागता येते, तशीच संस्थेने बरीच माहिती आपण होऊन प्रसिद्ध करावी अशीही त्यात तरतूद आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 अन्वये जन्म-मृत्यूचा दाखला, मालमत्तेचा उतारा, नळजोडणी अशा अधिसूचित सेवांना कालमर्यादा ठरवून दिली आहे. ती मर्यादा, जबाबदार अधिकारी व अपील अधिकारी यांचा फलक कार्यालयात लावणे बंधनकारक आहे. मुदतीत सेवा न मिळाल्यास त्याच कार्यालयाच्या वरिष्ठांकडे दोन अपिले व त्यानंतर लोकसेवा हक्क आयोगाकडे दाद मागता येते.

यापलीकडे कायद्याची वाट न पाहता करण्याजोगेही बरेच आहे. प्रत्येक नगरसेवकाने तीन महिन्यांतून एकदा आपल्या प्रभागातील शाळेत वा मंदिराच्या आवारात बैठक घेतली, तर ग्रामसभेची उणीव बरीचशी भरून निघेल. प्रभाग लहान असतो, माणसे ओळखीची असतात, त्यामुळे अशी बैठक भरविणे कठीण नाही. शिक्षकांनी नागरिकशास्त्राच्या तासाला मुलांना नगरपंचायतीचे अंदाजपत्रक वाचावयास दिले, तर पाठ्यपुस्तकातील धडा गावाच्या रस्त्यावर उतरेल. तालुक्यातील इतर ग्रामपंचायतींच्या सदस्यांनीही हे रूपांतर जवळून पाहावयास हवे. आज ना उद्या त्यांच्यातील काही गावे याच उंबरठ्यावर येणार आहेत.

अधिसूचनेने गावाचे नाव एका यादीतून दुसऱ्या यादीत जाते. पण गाव खऱ्या अर्थाने नगर होण्यासाठी करदात्याने मुदतीत कर भरावा लागतो, संस्थेने मुदतीत हिशेब द्यावा लागतो आणि सभागृहातील सतरा जणांना बाहेरचा आवाज ऐकू यावा लागतो. ग्रामसभेत प्रश्न विचारण्याची गावाला लागलेली सवय नगरपंचायतीच्या कारभारातही टिकून राहिली, तरच हे रूपांतर सफल झाले असे म्हणता येईल.